पंपाची मोटर बदलण्याआधी वीज तपासा: पेट्रोल पंपावरच्या या चुका टाळा

नोझल उचलताच डिस्प्ले क्षणभर काळा पडतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. किंवा मोटर नुसती घुमते, धार काही येत नाही. संशय लगेच मोटरवर नाहीतर कार्डावर (मशीनच्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डावर) जातो. दोन्ही बदलून झाल्या तरी तक्रार तशीच, कारण बऱ्याचदा दोष त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या विजेत असतो.

मोटर आणि कार्ड एकाच लाइनवर

सगळ्यांत जास्त डोकेदुखी इथूनच सुरू होते. थेट स्टार्ट होणारी मोटर सुरुवातीच्या क्षणी चालू करंटच्या ६ ते ७ पट करंट ओढते. शेजारच्या कार्डाला मात्र स्थिर, स्वच्छ सप्लाय हवा असतो. दोघांना एका वायरवर बसवलं की प्रत्येक स्टार्टला कार्डाचा व्होल्टेज बसतो आणि ते रीसेट होतं.

यावर काही जण मोटरसकट सगळं यूपीएसवर टाकतात. मग मोटर सुरू होताना यूपीएसच ट्रिप मारतो. कार्ड, डिस्प्ले, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघड-बंद होणारी झडप) आणि ऑटोमेशन (विक्रीची नोंद ठेवणारी यंत्रणा) यूपीएसवर. मोटर मेन्स किंवा जनरेटरवर. दोघांना पॅनेलपासून वेगळी केबल आणि वेगळा ब्रेकर, ही मांडणी बरोबर.

पण या मांडणीत एक धोका लपलेला आहे. मोटरचा ब्रेकर खाली पाडला म्हणजे युनिट (इंधन भरायचं मशीन) बंद झालं असं नाही. यूपीएसची लाइन आत जिवंतच असते. म्हणून दुरुस्तीआधी दोन्ही ब्रेकर पाडायचे, कुलूप लावायचं आणि पाटी अडकवायची. ब्रेकर न्यूट्रलही तोडणारा, म्हणजे सिंगल फेजला डबल पोल, हवा. इमर्जन्सी स्टॉपनं यूपीएसचा सप्लायही तुटतो ना, हे प्रत्यक्ष दाबून पाहा. बहुतेक ठिकाणी ते बटण बसवल्यापासून कुणी दाबलेलंच नसतं.

मोटर बंद असताना व्होल्टेज मोजणं

मीटरवर २३० दिसले की ‘सप्लाय ओके’ असा शेरा मारला जातो. पण बंद मोटरच्या वेळचा आकडा काहीच सांगत नाही. हिशेब करून पाहा. पॅनेलपासून आयलंड (मशीन उभं असतं तो चौथरा) ९० मीटर, केबल तांब्याची २.५ चौरस मिमी, मोटर सिंगल फेज, चालू करंट ६ अँपियर. जाऊन-येऊन १८० मीटर वायर, म्हणजे रोध सुमारे १.३ ओहम. मोटर चालू असताना घट ८ व्होल्टची, ती खपून जाते. पण स्टार्टला करंट सहापट झाला की ४०-४५ व्होल्ट वाटेतच संपतात आणि मोटरला मिळतात जेमतेम १८५. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, त्यामुळे सुरुवातीचा जोर दोन-तृतीयांशाच्या आसपास उरतो. त्यात मेन्सच आधीपासून २१० वर असेल तर मोटर घुमत बसते आणि तापते.

पॅनेलजवळ स्टॅबिलायझर बसवून वाटेतली ही घट भरून निघत नाही. केबल जाड करा: ४ चौरस मिमीला स्टार्टची घट ३० व्होल्टच्या खाली येते. मोजमाप मात्र पॅनेलच्या आउटगोइंगवर, स्टार्टच्या क्षणी, किमान आकडा धरून ठेवणाऱ्या मीटरनं घ्या आणि त्यातून केबलमधली घट वरच्या हिशेबानं वजा करा. आयलंडवरचा फ्लेमप्रूफ बॉक्स (आतल्या ठिणगीनं बाहेरची वाफ पेटू न देणारा) चालू लाइनवर मोजण्यासाठी उघडायचा नाही, कितीही घाई असली तरी.

तीन फेजकडे एक म्हणून पाहणं

४००, ४१० आणि ४२० असे आकडे आले तर वरवर ठीक वाटतं. सरासरीपासूनचा फरक जवळपास अडीच टक्के आहे, आणि व्होल्टेजच्या एका टक्क्याच्या असमतोलामागे करंटचा असमतोल ६ ते १० टक्के होऊ शकतो. म्हणून करंट मोजायला क्लॅम्प मीटर तिन्ही फेजना लावा. एक फेज उडाला असताना ओव्हरलोड रिले (जादा करंटला मोटर बंद करणारा) ट्रिप होतो, तेव्हा त्याची सेटिंग वाढवून ठेवणं म्हणजे मोटर जाळायची तयारी. सेटिंग नेमप्लेटच्या करंटवर ठेवायची आणि फेज फेल्युअर रिले बसवायचा.

जनरेटरवर गेल्यावरच धार मंदावत असेल तर फेजचा क्रम तपासा. थ्री फेज सबमर्सिबल (टाकीत बुडालेल्या पंपाची मोटर) उलटी फिरली तरी थोडं इंधन ढकलतेच, म्हणून दोष भलतीकडे शोधला जातो.

लाइट परत आली की सगळे पंप एकदम सुरू होऊ देऊ नका. काही सेकंदांच्या अंतरानं सुरू होतील असे टायमर लावले तर जनरेटरही लहान पुरतो.

हुक सिग्नल आपसात जोडणं

एका सबमर्सिबलवर अनेक युनिट असतील आणि त्यांचे हुक सिग्नल (नोझल उचलल्यावर पंप सुरू करायला जाणारे) वेगवेगळ्या फेजवरून येत असतील, तर प्रत्येकाला आयसोलेशन रिले (सिग्नल एकमेकांपासून वेगळे ठेवणारा) हवाच. नाहीतर एका युनिटचा सप्लाय दुसऱ्यात उलटा शिरतो आणि सगळे नोझल जागेवर असतानाही पंप सुरू राहू शकतो.

प्रत्येक दोष विजेचा मानणं

हेही होतंच. व्होल्टेज बरोबर आहे पण सबमर्सिबलचा करंट नेहमीपेक्षा कमी, म्हणजे मोटरवर भारच नाही: टाकी रिकामी, व्हॉल्व्ह बंद किंवा इनलेट चोंदलेलं. ही मोटर इंधनानंच थंड राहते, त्यामुळे कोरडी चालू ठेवू नका. सक्शन पंपावर (मशीनमधूनच इंधन वर ओढणाऱ्या) कडक उन्हात पेट्रोलची धार तुटत येत असेल तर वाफ अडकली असण्याची शक्यता आधी धरा.

बिल कमी करायला मोटरच्या मागे लागण्यातही फारसा अर्थ नाही. पाऊण किलोवॅटची मोटर दिवसभरात ६ तास चालली तर साडेचार युनिट. कॅनपीचे (पंपावरच्या छताचे) १५० वॅटचे २० दिवे रात्री ११ तास जळले तर ३३.

घाईत मेगर लावणं

इन्सुलेशन तपासताना मोटरच्या वायरी कार्डापासून सोडवलेल्या नसतील तर ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) कार्डच मारून टाकतो. चाचणी पॅनेलच्या बाजूनं घ्या. आयलंडवर घ्यायचीच झाली तर वाफ नाही याची खात्री आधी. बॉक्स बंद करताना झाकणाचे सगळे बोल्ट बसवा. केबल नसलेल्या भोकात टेप किंवा एम-सील नको, प्रमाणित स्टॉपिंग प्लगच हवा. एक बोल्ट कमी असला तरी तो बॉक्स फ्लेमप्रूफ राहत नाही.