टेनिसमधल्या ग्रेटेस्ट डबल्स टीमवर वाद घालायचा तर असा घाला

आधी ठरवून घ्या, नुसती टायटल्स मोजायची की दबदबा पण बघायचा, नाहीतर रात्रभर भांडत बसाल. समोरचा लगेच ब्रायन बंधू म्हणणार, १६ ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा), २०१२ चं ऑलिम्पिक गोल्ड, ते सरळ मान्य करून टाका. मग विचारा, बायकांच्या जोड्या का नाही धरत? नवरातिलोवा-श्रायव्हर बघा ना, मिळून २० ग्रँड स्लॅम, १९८४ला एकाच वर्षात चारही, आणि १९८३ ते ८५ सलग १०९ मॅचेस जिंकल्यात, एवढा दरारा दुसऱ्या कुणाचाच नव्हता, माझं मत यांनाच. वुडीजची (वुडब्रिज-वुडफोर्ड ही ऑस्ट्रेलियन जोडी) सलग ५ विम्बल्डन पण लक्षात ठेवा. पेस-भूपती १९९९ला चारही फायनल खेळले, फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकले, जीव आपला तिथेच अडकतो, पण पहिल्या नंबरसाठी ते एक वर्ष कमी पडतं.