विंडोज ११ मध्ये विंडो शेजारी-शेजारी लावताय? या चुका टाळा

डावीकडे पीडीएफ, उजवीकडे वर्ड. भाषांतर करणारे, मुद्रितं तपासणारे, डीटीपीवाले दिवसभर अशीच मांडणी लावून बसतात. तरी कित्येक जण अजून ऑल्ट-टॅब दाबत एका विंडोतून दुसरीत जातात आणि दर वेळी वाचत असलेली ओळ हरवून बसतात.

हमखास येणारी तक्रार म्हणजे, 'विंडो कडेला नेली तरी चिकटत नाही.' बहुतेकदा विंडोची कड स्क्रीनच्या कडेला भिडवलेली असते. टेकायला हवा तो माउसचा बाण. टायटल बार (विंडोची सगळ्यात वरची पट्टी) धरून बाण थेट कडेपर्यंत न्या आणि अर्ध्या स्क्रीनची फिकट चौकट दिसली की सोडा. कोपऱ्यात नेलात तर पाव भाग मिळेल. तरी जमलं नाही, तर सेटिंग्ज, सिस्टीम, मल्टिटास्किंग इथे जाऊन 'स्नॅप विंडोज' चालू आहे का ते बघा. दोन मॉनिटर असतील तर मधल्या कडेवर बाण थांबवणं अवघड जातं. तिथे विंडोज की धरून कीबोर्डवरचा डावा-उजवा बाण दाबणंच बरं.

दुसरी चूक जास्त वेळ खाते. विंडोज की आणि झेड दाबल्यावर मांडणीचे पर्याय येतात, पण लॅपटॉपवर तीन उभे भाग दिसत नाहीत. मग कुणी अपडेट टाकतं, कुणी ड्रायव्हर बदलतं. खरं कारण डिस्प्लेच्या स्केलमध्ये, म्हणजे स्क्रीनवर सगळं किती मोठं करून दाखवायचं त्या टक्केवारीत असतं. १९२० बाय १०८० पिक्सेलचा स्क्रीन १५० टक्के स्केलवर असेल, तर मांडणीसाठी १२८० एवढीच रुंदी उरते. १२५ टक्क्यांवर १५३६. तीन भागांना १९२० लागते. स्केल १०० वर आणलं की ते दिसतील, पण पंधरा इंची स्क्रीनवर तसं करू नका. अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ नीट दिसले नाहीत तर मजकूर तपासणार कसा? लॅपटॉपवर दोनच भाग ठेवा.

तेही निम्मे-निम्मेच हवेत असं नाही. मधली रेघ ओढली की दोन्ही विंडो एकदम लहान-मोठ्या होतात. वर्डचं पान कापलं जात असेल तर व्ह्यू टॅबमधलं 'पेज विड्थ' निवडा.

एक्सेलच्या एकाच फाइलमधल्या दोन शीट शेजारी हव्यात, तर फाइलची दुसरी प्रत काढू नका. बदल एकीत होतात, दुसरी जुनीच राहते. व्ह्यूमध्ये 'न्यू विंडो' घ्या. फाइल एकच राहते, विंडो दोन होतात.

बाहेरचा मॉनिटर काढल्यावर विंडो गायब झाली, तर रीस्टार्टची घाई नको, न साठवलेलं काम जाईल. टास्कबारवरच्या आयकॉनवर माउस न्या, वर येणाऱ्या छोट्या चित्रावर राइट-क्लिक करून 'मूव्ह' निवडा. ते फिकट असेल तर आधी 'रिस्टोअर'. मग कीबोर्डवरचा कोणताही बाण एकदा दाबून माउस हलवा. विंडो माउसला धरून स्क्रीनवर येते. हवी तिथे क्लिक करून सोडा.