गॅस कंपनीला झालेला दंड कसा वाचावा

अमेरिकेत एखाद्या राज्याने गॅस कंपनीला दंड ठोठावला की बातमीत मथळ्याला रक्कम येते आणि बाकीचं गळून जातं. मी गॅसलाइनच्या वेल्डिंगची तपासणी करतो. असे आदेश मी मुळातून वाचतो आणि रकमेकडे शेवटी वळतो.

आधी दंड कोणी केला ते बघा. राज्याच्या हद्दीतल्या लाइनवर बहुतेक ठिकाणी राज्याचा आयोग (वीज, गॅससारख्या सेवांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) देखरेख करतो, पण किमान सुरक्षा नियम केंद्राचे असतात. आदेशात ‘भाग १९२’ दिसला तर ते केंद्राचे नियम. ज्या कलमाचा भंग झाला ते काढून शेजारी ठेवा.

मग तारखा. कॅलिफोर्नियात सार्वजनिक सेवांच्या कायद्यातल्या कलम २१०८ नुसार चालू राहिलेल्या उल्लंघनाचा प्रत्येक दिवस वेगळा गुन्हा धरला जातो. म्हणून चूक कधी सुरू झाली हे शोधा.

कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो शहराचं प्रकरण यासाठी वाचाच. ९ सप्टेंबर २०१० ला तिथे पीजी अँड ई या गॅस कंपनीची ३० इंची गॅसलाइन फुटली. आठ माणसं गेली, ३८ घरं बेचिराख झाली. गॅस बंद करायला ९५ मिनिटं लागली. फुटलेला भाग १९५६ साली टाकलेला. कंपनीच्या कागदावर तो पाइप बिनजोडाचा होता, प्रत्यक्षात त्याला उभा जोड होता, आणि तोही फक्त बाहेरून वेल्ड केलेला. आतली बाजू उघडीच! माझ्या कामात याहून भयंकर वाक्य मी वाचलेलं नाही. नोंदी नीट न ठेवणं हे आदेशात किरकोळ कलम वाटतं, पण मी आता तेच आधी शोधतो. कागद चुकीचा असेल तर तपासणारा चुकीच्या गोष्टीसाठी पाइप तपासतो.

आता पैसे. एप्रिल २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आयोगाने याच प्रकरणात १६० कोटी डॉलरचा दंड केला. त्यातले ३० कोटी राज्याच्या तिजोरीत, ४० कोटी ग्राहकांच्या बिलात सवलत म्हणून, ८५ कोटी गॅसलाइनच्या सुरक्षेच्या कामांना आणि ५ कोटी सुरक्षेच्या इतर उपायांना. अशी फोड प्रत्येक आदेशात शोधा. भार भागधारकांवर आहे, असं स्पष्ट लिहिलंय का, तेही पाहा. नसेल तर कंपनीच्या पुढच्या दरवाढीच्या अर्जावर नजर ठेवा.

न्यायालयाचा दंड यात मिसळू नका. त्याच प्रकरणात २०१७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने केलेला दंड फक्त ३० लाख डॉलर होता. तो फौजदारी खटला, त्याची मर्यादा वेगळी.

आदेशाची शेवटची पानं सोडू नका. काय दुरुस्त करायचं, कधीपर्यंत आणि अहवाल कोणाला द्यायचा, हे बहुधा तिथेच असतं. प्रकरण क्रमांक टिपून ठेवा. मुदत उलटली की आयोगाच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकून अहवाल आला का ते पाहा. आला नसेल तर आयोगाला क्रमांकासह लेखी विचारा.