कारवान पाळताय? पळणं उपजत असतं, परत येणं शिकवावं लागतं

कारवान, कारवानी, मुधोळ, पश्मी या नावांचा घोळ आधी मिटवू. सांगली-सोलापूरच्या माळावर ज्याला कारवान म्हणतात आणि बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावाने जो ओळखला जातो, तो कुत्रा एकच. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी तो कॅरव्हान हाउंड आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी मुधोळ हाउंड. कानाला आणि शेपटीला लांब केसांची झालर असली की लोक त्याला पश्मी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, २००५ साली टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं, लष्कराने मेरठच्या केंद्रात तिला प्रशिक्षणही दिलं. त्यामुळे अलीकडे भाव चढलेत. ‘हा कारवान नाही, अस्सल मुधोळ आहे’ असं सांगून दुप्पट पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघा.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आणू नका. त्याची आई बघितल्याशिवाय तर मुळीच नको. आई परक्याला पाहून दूर सरकत असेल तर चालतं, कारण या जातीचा स्वभावच अंतर राखून वागण्याचा आहे. पण ती कोपऱ्यात थरथरत किंवा दात दाखवत असेल, तर पिल्लं कितीही देखणी असली तरी हात हलवत परत या.

खाण्याबद्दलचा सर्वांत वाईट सल्ला शेजारीपाजारी देतात: ‘किती वाळलाय, जरा खाऊ घाला.’ कारवान तसाच दिसायला हवा. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसाव्यात, कमरेची दोन हाडं जाणवावीत, पोट वर ओढलेलं असावं. बघायची असते ती मांडी. मांडी भरलेली आणि टणक असेल तर कुत्रा ठीक आहे. मांडी उतरली आणि पाठीचा कणा करवतीसारखा दिसू लागला, तर खाणं कमी पडतंय किंवा पोटात जंत आहेत. लॅब्राडोरच्या मापाने याला गुबगुबीत केलंत, तर त्या सडपातळ पायांवर आणि सांध्यांवर नको तो भार येतो.

पंचवीस किलोच्या, रोज पळणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला ज्वारीच्या तीन मध्यम भाकरी, पाव किलो उकडलेलं चिकन आणि एक अंडं, हे दोन वेळांत विभागून पुरतं. भाकरी ताकात किंवा मांसाच्या पाण्यात कुस्करा, मीठ-मसाला घालू नका. कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट नको. शिजवलेली हाडं तर कधीच नको, त्यांचे धारदार तुकडे होतात. वाढत्या पिल्लाला मात्र नुसत्या दूध-भाकरीवर ठेवू नका. कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडली की पुढचे पाय वाकतात, आणि मग घाबरून औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणून अंदाजाने पाजणं हे त्याहून वाईट. वर्षभर निम्मं खाणं मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या चांगल्या कोरड्या खाद्याचं ठेवा, प्रश्न मिटतो. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा.

पळवण्याआधी आणि पळून आल्यावर किमान एक तास खायला देऊ नका. खोल छातीच्या कुत्र्यात भरलेलं पोट पीळ खाऊ शकतं. पोट फुगलंय, कुत्रा ओकारी काढतोय पण बाहेर काही पडत नाही, आणि एका जागी बसत नाही, अशी लक्षणं दिसली की घरगुती उपाय करत बसू नका. तासाभरात डॉक्टरांच्या टेबलावर नेला नाही तर कुत्रा हातचा जाऊ शकतो.

आंघोळ महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, रबरी ब्रश आठवड्यातून एकदा, नखं पंधरा दिवसांनी. अंगावर चरबी नसल्याने फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, म्हणून गोणपाटावर जुनी गोधडी टाका. थंडीच्या रात्री अंगावर जाडसर झूल घाला.

आता मूळ मुद्दा: कुत्रा मोकळा सोडायचा आणि परत बोलवायचा.

कारवान डोळ्यांनी शिकार करणारा कुत्रा आहे. वास घेत, रमतगमत जाणारा नव्हे. त्याला दूरवर काही हललेलं दिसतं आणि दहा सेकंदांत तो शंभर मीटरच्या पुढे गेलेला असतो. त्या क्षणी त्याला तुमचा आवाज ऐकू येत नाही असं नाही, पण त्या आवाजाला तेव्हा किंमत नसते. ‘जर्मन शेफर्डला शिकवतो तसंच शिकवा’ हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी. शेफर्डला तुमच्याबरोबर काम करण्यात रस असतो. कारवान पिढ्यान्‌पिढ्या स्वतः निर्णय घेऊन पळण्यासाठीच निवडला गेलाय. त्याच्यावर ओरडून काही होत नाही. मारलंत तर तो तुमच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहायला शिकतो, आणि ते तो एकाच दिवसात शिकतो.

सुरुवात पट्ट्यापासून करा. याचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं. साधा पट्टा घालून मागे ओढलंत की तो कानांवरून सरकतो आणि तुमच्या हातात रिकामा पट्टा राहतो, तोही नेमका रस्त्याच्या मधोमध. चार बोटं रुंद, ओढ पडली की थोडा आवळणारा पट्टा घ्या. लांब दोरीसाठी मात्र गळ्याचा पट्टा वापरूच नका, छातीचा हार्नेस वापरा. पूर्ण वेगात असलेला कुत्रा दोरी संपल्यावर गळ्याला झटका खाऊन थांबला तर मानेला गंभीर इजा होते.

पिल्लू आलं त्या दिवसापासून शिट्टी सुरू करा. हाक नको, शिट्टीच. हाकेत तुमचा राग, घाई, भीती सगळं उतरतं आणि कुत्र्याला ते कळतं. शिट्टी रोज सारखीच वाजते. उकडलेल्या कलेजीचे नखाएवढे तुकडे करा. शिट्टी वाजवा आणि लगेच एक तुकडा द्या. दिवसातून तीन वेळा, दर वेळी पाच-सहा तुकडे, पिल्लू जवळ असतानाच. आठवडाभर एवढंच. मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून. ही कलेजी दुसऱ्या कशासाठीही द्यायची नाही. नुसतं बसल्याबद्दलही कलेजी मिळत असेल, तर शिट्टीची किंमत तिथेच संपली.

चौथ्या महिन्यात दहा मीटरची दोरी घ्या. बैलाचा सुती कासरा उत्तम, नायलॉनच्या दोरीने हात भाजतो. मोकळ्या टोकाला गाठ ठेवू नका, ती दगडात अडकते. कासरा मनगटाला कधीही गुंडाळू नका. तो जमिनीवर घसरत राहू द्या आणि गरज पडली तर पाय ठेवून थांबवा. रिकाम्या माळावर कुत्र्याला हिंडू द्या, त्याचं लक्ष कशातच नसताना शिट्टी वाजवा, आला की कलेजी द्या आणि परत सोडा. ‘परत सोडा’ हे शब्द दोनदा वाचा. दहापैकी नऊ वेळा परत सोडायचं. शिट्टी झाली की पट्टा लागतो आणि घरी जावं लागतं हा हिशेब एकदा त्याला जुळला की तो तुमच्यापासून पाच पावलांवर उभा राहून तुमच्याकडे बघत राहील, जवळ येणार नाही. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं आणि ते म्हणतात, कुत्रा हट्टी आहे.

दुसरी चूक वेळेची. कुत्र्याची नजर बसण्याआधी शिट्टी वाजली पाहिजे. नजर बसली हे ओळखायला शिका: कान मुळातून उभे होतात, शेपटी हलायची थांबते, मान पुढे जाते, कधी पुढचा एक पाय उचलून तसाच राहतो. इथे तुमच्याकडे एक-दोन सेकंद आहेत. त्यात शिट्टी वाजवून कुत्रा वळला तर सगळी कलेजी त्याची. तो एकदा निघाला की शिट्टी वाजवू नका. पाठलागाच्या मध्यावर वाजवलेली प्रत्येक शिट्टी त्याला एवढंच शिकवते की या आवाजाकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. पाच-पाच वेळा वाजवणाऱ्यांची शिट्टी महिन्याभरात बाद होते.

निघालाच तर मागे धावू नका. तुम्ही त्याला गाठणार नाही, उलट तुम्हीही शिकारीत सामील झालात असं त्याला वाटतं. जिथून सोडलात तिथेच उभे राहा, बहुतेक वेळा तो त्याच जागी परततो. उशीर होत असेल तर अंगातला सदरा किंवा त्याची गोधडी तिथे ठेवून एका माणसाला थांबवा. आणि परत आला की, कितीही संताप आला असला तरी, तोंडातून चांगलाच शब्द निघाला पाहिजे. त्या वेळी बसलेला फटका त्याच्या लेखी पळण्याबद्दल नसतो, परत येण्याबद्दल असतो.

पाठलागाची भूक दाबून मरत नाही, तिला वाट द्यावी लागते. दीड मीटरची काठी, तिला तेवढीच दोरी, टोकाला फडका. फडका जमिनीलगत फिरवा, कुत्र्याला पळू द्या, मग शिट्टी वाजवा आणि त्याच क्षणी फडका निश्चल करा. शिट्टीनंतर शिकार मेली, मजा माणसाच्या हाताशी आहे, हे त्याच्या अंगवळणी पडतं. पाच ते सात मिनिटं पुरे. वर्षाच्या आतल्या पिल्लाला उंच उड्या आणि गर्रकन वळणं देऊ नका, सांध्यांची वाढ पुरी झालेली नसते.

शेळ्या-मेंढ्यांसाठी वेगळी मेहनत घ्या. कळपापासून पन्नास मीटरवर पट्ट्यात उभे राहा, कुत्र्याने कळपाकडून तोंड फिरवलं की खाऊ द्या. तिथे तो सैल झाला की चाळीसवर या. पाच मीटरपर्यंत यायला कित्येक आठवडे लागतात. मेंढपाळाला आधी विचारून घ्या, त्याचं नुकसान झालं तर तुमच्या प्रशिक्षणाचं कौतुक त्याला नसतं. कोंबड्यांच्या बाबतीत कशावरही विसंबू नका. घरातल्या मांजराशी गुण्यागोविंदाने झोपणारा कारवान रस्त्यावरच्या पळत्या मांजराला ओळख दाखवत नाही.

सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान शिकवलेलं सगळं वाहून गेल्यासारखं वाटेल. तसंच होतं. मुकाट्याने कासरा परत बांधा आणि पहिल्या महिन्यापासून सुरू करा. दोन वर्षांचा झाल्यावरही ज्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही असे कुत्रे असतात. त्यांना सहा फुटी कुंपणाच्या आतच सोडावं. त्यात कमीपणा नाही. महामार्गाजवळ राहत असाल तर भरवशाचा कुत्राही सोडू नये. आणि ‘साखळीला बांधला की तिखट होतो, राखण चांगली करतो’ असं सांगणाऱ्याचा कुत्रा एकदा बघून या. मानेला जखम असते आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांवर भुंकून अर्धा वेडा झालेला असतो.

सशावर सोडायचा मोह कोणाला असेल तर स्पष्ट सांगतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे. ‘फक्त पळवून बघतोय’ म्हटल्याने तो गुन्हा टळत नाही.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत पळवणं उरका. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, पाय लटपटतायत असं दिसलं तर सावलीत नेऊन अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. दरवेळी माळावरून आल्यावर बोटांच्या बेचक्यात बाभळीचा काटा, कानात कुसळ आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला गोचीड बघा. कातडी इतकी पातळ असते की काटेरी तारेला नुसता घासला तरी फाटते. वीतभर चिरलेली जखम हळद लावून भरत नाही, टाके लागतात. गोचिडीनंतर ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा कॉफीच्या रंगाची लघवी दिसली तर त्याच दिवशी रक्त तपासा.

जंताचं औषध पंधराव्या दिवसापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर महिन्यातून एकदा, सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची लस सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, रेबीजची बारा आठवड्यांनंतर आणि पुढे दरवर्षी. पिल्लूपणीच्या लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर चालवू नका, पण खांद्यावर घेऊन बाजार, एसटी स्टँड, शाळेची सुट्टी हे सगळं दाखवा. रोज दोन मिनिटं पंजे, कान, तोंड हाताळा. मोठेपणी हात लावू न देणारा कारवान टाके घालतानाही हात लावू देत नाही.

नसबंदी किंवा कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देण्याआधी डॉक्टरांना जात सांगा. सायटहाउंड, म्हणजे डोळ्यांनी शिकार करणाऱ्या कुळातल्या कुत्र्यांना थायोपेंटल हे भुलीचं औषध दिलं तर शुद्धीवर यायला फार वेळ लागतो, त्यांच्यासाठी दुसरं औषध निवडतात. त्या दिवशी सकाळीच कुत्रा वजनकाट्यावर घ्या. अंदाजाने सांगितलेलं वजन चुकू शकतं, आणि भुलीचा डोस वजनावर ठरतो.