भूमितीमध्य काढताना या चुका टाळा

रत्नागिरीकडची हापूसची बाग घ्या. कलमं एक वर्ष भरभरून लागतात, पुढच्या वर्षी रुसतात. समजा पहिल्या साली 100 पेट्या निघाल्या, दुसऱ्या साली 60 टक्के वाढून 160, तिसऱ्या साली 40 टक्के घटून 96. वर्षाला सरासरी वाढ किती? 60 मधून 40 वजा, भागिले दोन, 10 टक्के, असं सांगून लोक मोकळे होतात. अहो, पेट्या तर चार कमी झाल्या!

इथे भूमितीमध्य हवा: संख्यांचा गुणाकार करायचा आणि जितक्या संख्या तितकवं मूळ काढायचं. त्यातही टक्के नाही, पटी घ्यायच्या: 1.6 आणि 0.6. गुणाकार 0.96, त्याचं वर्गमूळ सुमारे 0.98. म्हणजे वर्षाला साधारण 2 टक्के घट. काहीजण 60 आणि 40 यांचाच भूमितीमध्य काढतात. 49 च्या आसपास उत्तर येतं खरं, पण ते कशाचं, हे त्यांनाही सांगता येत नाही.

दहावीचं भूमितीमध्याचं प्रमेय दोन संख्यांपुरतं असल्यामुळे हात आपोआप वर्गमूळाकडे जातो. संख्या तीन असतील तर घनमूळ, पाच असतील तर पाचवं मूळ. 2, 4, 8 यांचा गुणाकार 64, उत्तर 4. तुमचं 8 आलं तर वर्गमूळ काढलंत. 21.33 आलं तर 3 ने भागलंत. कॅल्क्युलेटरवर 64^1/3 कंसाविना टाकलं तरी हेच येतं. 64^(1/3) असं टाका.

शून्याचा घोळ वेगळाच. किनाऱ्यावरच्या पाण्याच्या तीन नमुन्यांत जीवाणू 10, 100 आणि 1000 निघाले, तर साधी सरासरी 370, भूमितीमध्य 100. एकाच मोठ्या आकड्याने चित्र बिघडू नये म्हणून अशा मोजणीत तो वापरतात. पण एक नमुना शून्य आला की सगळा गुणाकार शून्य, आणि एक्सेलमधलं भूमितीमध्याचं फंक्शन, जिओमीन (GEOMEAN), थेट एरर देतं. शून्य गुपचूप वगळलं तर उत्तर फुगतं. त्याऐवजी चाचणीत दिसू शकणारी किमान संख्या किंवा तिची निम्मी धरतात. तसं केलंत तर अहवालात लिहा. ऋण संख्यांना मात्र हा मध्य लावूच नये.

उलटी चूकही होते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरात आठवडाभरात रोज सरासरी किती टोपल्या बांगडा उतरला, याला साधी सरासरीच हवी. टोपल्यांची बेरीज होते, गुणाकार नाही.

आकडे धन असून भूमितीमध्य साध्या सरासरीपेक्षा मोठा आला, तर गणित नक्की चुकलंय. आधी मूळ कितवं घेतलंत ते बघा.