घाट उतरून दापोलीत आलात? आधी तिथी विचारायला शिका

नोकरीची बदली, विद्यापीठातलं काम, नाहीतर शाळेतली नेमणूक. देशावरची कितीतरी कुटुंबं अशी दरवर्षी दापोलीत येतात. आम्ही लातूरहून आलो त्याला चौदा वर्षं झाली. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, मुलगा पाच. बादलीभर पाणी जपून वापरायला शिकलेली ती पोरं, आणि इथे वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस! आमच्यासाठी हा परमुलूखच होता. रविवारी किनाऱ्यावर जायचं, भेळ खायची, सूर्यास्त बघून परत यायचं, एवढाच आमचा समुद्र.

नोव्हेंबरातल्या एका पौर्णिमेला संध्याकाळी पाणी खूप आत गेलेलं दिसलं म्हणून आम्ही हर्णैजवळच्या खडकांवर उतरलो. डबक्यात बोट घातलं की पाकळ्या मिटणारं समुद्रफूल होतं, रिकाम्या शंखात घर करून चालणारा इवलासा खेकडा होता. पोरं पालथी पडून बघत होती, आम्हीही रमलो. अंधारून आलं तेव्हा पलीकडे एक मावशी कालवं काढत होत्या. लोखंडी टोकाने शिंपीचं तोंड उघडायचं, मांस डब्यात टाकायचं, की पुढची. त्या एकदम ओरडल्या, "मागे बघा!" आमच्या आणि वाळूच्या मधल्या घळीत पाणी शिरलं होतं. मावशींनी मुलीचा हात धरला, मी मुलाला खांद्यावर घेतलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून आम्ही बाहेर आलो.

वाळूवर आल्यावर त्यांनी विचारलं, "आज तिथी काय?" मला सांगता येईना. मग त्यांनी तिथेच हिशेब शिकवला, तो तुम्हीही आजच शिका. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येतो तो भरतीचा तास, दिवसाचाही आणि रात्रीचाही. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. वेळ थोडी मागेपुढे होते, पण अंदाज पक्का बसतो.

आता आमची चूक बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे भरती-ओहोटी सर्वात मोठी, पाणी सर्वात लांब आत जातं आणि ओहोटी येते नेमकी साडेपाच-सहाच्या सुमाराला. म्हणजे सूर्यास्त बघायला माणसं खडकावर जातात तेव्हाच पाणी फिरतं, आणि ते चढतं अंधारात. लहान मुलं असतील तर द्वितीया-तृतीयेची सकाळ धरा. उधाणाचा जोर असतोच, ओहोटी पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान येते आणि पुढे सगळा दिवस उजेड. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी फारसं आत जात नाही, खडकातलं विशेष काही दिसणार नाही. ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाणी फिरलं की निघा. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख दिसला तरी उचलू नका, आत जिवंत गोगलगाय असेल तर तिचा दंश विषारी असतो.

कासवांसाठी आंजर्ले जवळच आहे, आणि पलीकडे मंडणगड तालुक्यात वेळास. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये संवर्धनाचं काम सुरू केलं. ऑलिव्ह रिडलेची मादी थंडीत रात्री येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते. ती कुंपणाच्या आत हलवतात, पन्नासएक दिवसांनी पिल्लं निघतात. पहाटे किंवा संध्याकाळी ती पाण्याकडे सोडतात. तिथे हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. मुलांना आधी घरी समजावून न्या. माझा मुलगा पहिल्यांदा रडला होता, त्याला पिल्लू उचलून पाण्यात ठेवायचं होतं.

खाडीकाठची तिवरं, चिपी ही खारफुटीची झाडं ओहोटीला बघा, चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं तेव्हाच दिसतात. मात्र वाशिष्ठी नदीच्या बाजूला गेलात तर पाण्यात पाय घालून बसू नका, तिथे मगरी आहेत.

ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जा. कातळावर बोटभर माती, आणि तीत सीतेची आसवं आणि गेंद फुललेले. ही आसवं पाण्यातले बारीक जीव पकडून खातात, हे सांगितलं की मुलं तिथून हलत नाहीत. कडेकडेने चाला. सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, दगड उलटू नका, पायात बंद बूट हवेत. कुणाला चावलंच तर मंत्र-औषधात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

पावसाळ्यात मात्र समुद्र लांबूनच. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते. जन्म समुद्रात गेलेली माणसं होड्या वर ओढून ठेवतात, मग आपण पाण्यात कशाला उतरायचं? त्या दिवसांत शेजारच्या काकूंबरोबर शेवळं ही रानभाजी आणायला जा. एकटे जाऊ नका, आणि काकडं ही आंबट रानफळं घातल्याशिवाय ती शिजवू नका, घसा खाजतो.

थंडी पडली की कुरव पक्षी येतात, त्या महिन्यातल्या द्वितीयेला आम्ही अजूनही खडकांवर जातो. मावशी तिथेच असतात. येणार असाल तर सहाला निघू.