स्वतःच्या मृत्यूचे चिंतन कसे करावे

मृत्यूचा विचार आपण बहुधा दुसऱ्या कोणाच्या निमित्ताने करतो आणि स्मशानातून परतल्यावर अंघोळीबरोबर तो विचारही धुऊन निघतो. स्वतःच्या मृत्यूकडे पाहायचे असेल, तर मला जुलै १८९६ मध्ये मदुराईत घडलेली घटना सर्वांत उपयोगी वाटते. सोळा वर्षांचा वेंकटरमण, म्हणजे पुढचे रमण महर्षी, काकांच्या घरी एकटा बसलेला असताना, काहीही आजार नसताना, आता आपण मरणार या भीतीने त्याला ग्रासले. त्याने कोणाला हाक मारली नाही. तो आडवा झाला, हातपाय ताठ केले, ओठ घट्ट मिटले आणि स्वतःला विचारले, की हा देह स्मशानात नेऊन जाळतील, पण त्याबरोबर ‘मी’ही मरतो का?

हा प्रयोग आपणही करू शकतो, परंतु श्वास मात्र रोखू नये. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर काही महिने थांबावे; वडिलांच्या तेराव्याच्या आत मी घाई केली आणि चिंतन बाजूला राहून केवळ शोकच उसळून आला. जगणे नकोसे झाल्याचे विचार मनात येत असतील, तर हा अभ्यास मुळीच करू नये. जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोलावे.

शांत खोलीत चटईवर शवासनात पडावे आणि वीस मिनिटे राखून ठेवावीत. श्वास संथ झाला की आपला देह जमिनीवर ठेवला आहे, मुखात तुळशीपत्र घातले आहे, दारात चपलांची गर्दी झाली आहे, कोणीतरी दबक्या आवाजात फोन करत आहे, असे सावकाश डोळ्यांपुढे आणावे. पुढे देह उचलून नेला जातो आणि खोली रिकामी होते. येथे थांबून स्वतःला विचारावे, की ही रिकामी खोली मी कोठून पाहत आहे? बहुतेकांना आढळते, की दाराजवळ किंवा छताच्या कोपऱ्यात एक पाहणारा उरलेला आहे. त्यालाही चित्रातून काढण्याचा प्रयत्न करावा. तो एक पाऊल मागे सरकतो आणि पुन्हा पाहू लागतो. या टप्प्यावर जितका वेळ राहता येईल तितका राहावे, कारण मृत्यूची भीती ज्याला वाटते त्याच्याशी आपली गाठ येथेच पडते.

मात्र यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. पाहणाऱ्याला कल्पनेतून वगळता येत नाही, एवढ्यावरून तो मृत्यूनंतर उरतो हे सिद्ध होत नाही. रमणांना त्या दिवशी ‘मी’ देहाहून वेगळा आणि मृत्यूच्या पलीकडचा असल्याची थेट प्रचीती आली, आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी घर सोडून ते तिरुवण्णामलैला गेले. याउलट ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हणतो, की आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो, म्हणून भिण्याचे कारणच नाही. वेदान्ती गाढ झोपेचा दाखला देतात: ‘सुखाने झोपलो, काही कळले नाही’ असे सकाळी म्हणणारा झोपेतही साक्षी असलाच पाहिजे. हे केवळ जागे झाल्यावर केलेले अनुमान आहे, असा आक्षेप त्यावर घेता येतो, आणि मला तो अजून निर्णायकपणे खोडून काढता आलेला नाही.

म्हणून उठल्यावर वहीत दोन रकाने करावेत. एकात केवळ जे अनुभवाला आले ते लिहावे, उदाहरणार्थ छाती जड झाली, खोली दिसली, भीती ओसरली. दुसऱ्यात त्यावरून आपण जे मानले ते लिहावे. सुरुवातीला दोन्ही सारखेच भासतात, म्हणून ‘मी अमर आहे’ किंवा ‘शेवटी काहीच उरत नाही’ अशी वाक्ये पहिल्या रकान्यात शिरली आहेत का, हे दुसऱ्या दिवशी वाचताना तपासावे आणि ती खोडून योग्य जागी लिहावीत. आठवड्यातून एकदा हा अभ्यास पुरेसा आहे. मन अस्वस्थ राहू लागले, तर काही आठवडे तो सोडून द्यावा.